धडा एक, शिकवण दुसरीच

बी.एड.च्या पुस्तकात एक प्रकरण असतं, 'अभिजात अभिसंधान आणि साधक अभिसंधान'. नाव वाचूनच घाम फुटावा असं! पावलोव्हचा कुत्रा आणि त्याची घंटी, स्किनरचा उंदीर आणि त्याची पेटी. परीक्षेत हमखास येणारा प्रश्न. आकृती काढायची, नावं द्यायची, गुण घ्यायचे. शिक्षक होऊ पाहणारा प्रत्येकजण हे प्रकरण पाठ करतो आणि बहुतेकजण नोकरीला लागले की विसरतात. पालकांच्या तर ते वाट्यालाच येत नाही.

माझं मत असं की, शिकण्याबद्दल गेल्या सव्वाशे वर्षांत जेवढं संशोधन झालं, त्यात आपल्या घराला आणि शाळेला सर्वांत जास्त उपयोगी पडेल असं हेच प्रकरण आहे. आणि आपण ते अर्धंच वाचलं. त्यातून आपण एवढंच उचललं की, बक्षीस दिलं की पोर शिकतं आणि शिक्षा केली की सुधारतं. हे तर आपल्या पणजोबांनाही ठाऊक होतं, त्यासाठी रशियात कोणी कुत्रे पाळायची गरज नव्हती! संशोधनातून निघालं ते वेगळंच आहे. पोर धडा शिकत असतं तेव्हाच धड्याच्या भोवती जे जे असतं तेही शिकत असतं, आणि पुढे धडा विसरलं तरी ते भोवतालचं सहसा विसरत नाही.

उदाहरणांनीच सांगतो.

इव्हान पावलोव्ह हा मुळात मानसशास्त्रज्ञ नव्हेच. तो पचनाचा अभ्यासक. १९०४ चं नोबेल त्याला मिळालं तेही पचनाच्या कामासाठी. कुत्र्याच्या तोंडात अन्न पडलं की लाळ किती सुटते हे मोजणं हा त्याचा उद्योग. मोजता मोजता लक्षात आलं की, अन्न तोंडात पडायच्या आधीच, अन्न आणणाऱ्या माणसाची चाहूल लागताच लाळ सुटते. कुत्र्याला हे कोणी शिकवलं नव्हतं. प्रयोगशाळा पचन मोजत होती आणि कुत्रा तिकडे माणसाची पावलं शिकत होता! मला ही गोष्ट त्या प्रसिद्ध घंटीपेक्षा मोलाची वाटते. वर्गातही आपल्याला वाटतं आपण गणित शिकवतोय, आणि पोर शिकत असतं बाईंच्या चपलांचा आवाज.

त्याच प्रयोगशाळेतला आणखी एक प्रयोग आहे, तो आपल्या पुस्तकांत फारसा दिसत नाही. कुत्र्याला वर्तुळ दाखवलं की अन्न मिळायचं, लंबवर्तुळ दाखवलं की काही नाही. कुत्रा हा फरक नीट शिकला. मग ते लंबवर्तुळ थोडं थोडं गोल करत नेलं. त्याच्या लांबी-रुंदीचं प्रमाण नऊला आठ इतकं झालं तेव्हा फरक ओळखणं कुत्र्याला जमेना. तीन आठवडे सराव दिला. सुधारणा व्हायच्या ऐवजी आणखी बिघडत गेलं. एरवी शांत असलेला तो कुत्रा किंचाळू लागला, अंगावरची उपकरणं दातांनी तोडू लागला, त्या खोलीत नेताना भुंकू लागला. आणि जो सोपा फरक त्याला आधी सहज कळत होता तोही कळेनासा झाला.

लक्षात घ्या, त्याला कोणी मारलं नव्हतं. न झेपणारा प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला, एवढंच.

'आधी यायचं हो त्याला, आता येत होतं तेही विसरला,' असं म्हणणारे आईवडील तुम्हाला म्हापशात भेटतील, मडगावात भेटतील, फोंड्यात भेटतील. मग ते आणखी एक ट्यूशन लावतात. म्हणजे तेच नऊला आठचं लंबवर्तुळ, आता संध्याकाळीसुद्धा!

आता भीतीबद्दल. १९२० मध्ये अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जॉन वॉटसन आणि रोझाली रेनर यांनी एका अकरा महिन्यांच्या बाळावर प्रयोग केला. त्याला 'अल्बर्ट' म्हणतात. अल्बर्टला पांढऱ्या उंदराची भीती नव्हती. त्याने उंदराला हात लावला की त्याच्या पाठीमागे लोखंडी कांबीवर हातोडी मारायची. असं काही वेळा केल्यावर नुसता उंदीर दिसला तरी तो रडायला लागला. पुढे सशाला, कुत्र्याला, केसाळ कोटालाही घाबरू लागला. भीती घालवायचं काम राहूनच गेलं, कारण मूल तिथून निघून गेलं. असा प्रयोग आज कोणी करू देणार नाही, आणि देऊही नये. शिवाय एकच मूल, नोंदीही ढिसाळ. पुस्तकं सांगतात तेवढं त्यातून सिद्ध होत नाही, हे आज मानसशास्त्रज्ञच सांगतात.

पण मला बोलायचंय ते पीटरबद्दल. अल्बर्टला पुस्तकात अख्खं पान मिळतं आणि पीटरला चार ओळी. चार वर्षांनी, १९२४ मध्ये, मेरी कव्हर जोन्स या संशोधक बाईंनी पीटर नावाच्या जेमतेम तीन वर्षांच्या मुलावरचं काम प्रसिद्ध केलं. पीटर सशाला भयंकर घाबरायचा. जोन्सबाईंनी काय केलं? पीटर आवडीचा खाऊ खात असताना ससा खोलीत आणला, पिंजऱ्यात, लांब. दुसऱ्या खेपेला थोडा जवळ. मग आणखी जवळ. सशाला न घाबरणारी इतर मुलंही सोबत खेळायला ठेवली. कुठे घाई नाही, 'एवढा मोठा झालास आणि घाबरतोस?' असं हिणवणं नाही. शेवटी पीटर सशाला कुरवाळू लागला.

इथे दोन गोष्टी आहेत. भीती शिकवता येते तशी ती सोडवताही येते. आणि ती बोलून जात नाही, समजावून जात नाही. ज्याची भीती वाटते ते गोड गोष्टीच्या शेजारी, झेपेल एवढ्या अंतरावर ठेवावं लागतं. फार घाई केली तर उलटं होऊ शकतं, खाऊचीच भीती बसायची!

आता हे सगळं आपल्या अंगणात आणून बघू.

माझ्या भाचीच्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेत (शाळेचं नाव इथे नको) काही वर्षांपूर्वी एक नियम होता. वर्गात कोकणी किंवा मराठी शब्द तोंडातून गेला की एक रुपया दंड. त्या पैशांतून वर्षाच्या शेवटी वर्गाला आईस्क्रीम. बाईंना वाटत होतं आपण इंग्रजी शिकवतोय. भाची इंग्रजी शिकलीही असेल. पण दुसरं एक ती त्याहून पक्कं शिकली. आजी शाळेच्या फाटकावर न्यायला आली आणि मैत्रिणी आसपास असल्या की ती आजीशी हळू आवाजात बोलायची. कोणी तिला सांगितलं नव्हतं की आजीची भाषा लाजिरवाणी आहे. पावलोव्हच्या कुत्र्यालाही पावलांबद्दल कोणी सांगितलं नव्हतं.

पण आपण मराठीवाले तरी धुतल्या तांदळासारखे आहोत का? गृहपाठ केला नाही? हा धडा दहा वेळा लिही. शुद्धलेखन चुकलं? प्रत्येक शब्द वीस वेळा. जे लिहिणं मुलाला आवडावं म्हणून आपला जीव तुटतो, तेच लिहिणं आपण शिक्षा म्हणून वापरतो! छडीला ताप आला की मूल छडी टाळेल, लेखणीची शिक्षा केली की लेखणी टाळेल. आणखी एक. गोव्यातलं पोर घरात कोकणी बोलतं आणि शाळेत मराठी शिकतं. त्याच्या मराठीत कोकणी हेल येणारच. तो आला की पाहुणे हसतात, कौतुकानेच हसतात म्हणा. पण हसू ऐकून पोर गप्प बसतं. पुढे दहावीनंतर मराठीचं पुस्तक हातात धरत नाही, आणि आपण परिसंवाद भरवतो, 'नवी पिढी वाचत का नाही?'

२०११ मध्ये सरकारने इंग्रजी प्राथमिक शाळांना अनुदान द्यायचं ठरवलं तेव्हा गोव्यात केवढं रान उठलं होतं. त्याआधी सुमारे दोन दशकं प्राथमिक स्तरावरचं अनुदान मातृभाषेतल्या शाळांना होतं. त्या वादात मी मातृभाषेच्या बाजूचा होतो, आजही आहे. पण त्या साऱ्या भाषणांत, मोर्चांत, पत्रकांत एक प्रश्न मला कुठे ऐकू आला नाही. ज्या शाळा मराठीच्या आहेत, तिथे मराठीच्या तासाला पोराच्या पोटात काय होतं? गोळा येतो की गुदगुल्या होतात? अनुदानाने शाळा टिकेल. भाषा टिकायची तर तिच्याभोवती लहानपणी काहीतरी चांगलं घडलेलं असावं लागतं.

इथे कोणी म्हणेल, बरं तर मग, शिक्षा नको, बक्षिसं देऊ. मराठी पुस्तक वाचलं की चॉकलेट! थांबा. शिक्षेबद्दलचा आपला समज जसा कच्चा, तसाच बक्षिसाबद्दलचाही.

शिक्षेचं आधी संपवतो. एडवर्ड थॉर्नडाईकने १८९८ मध्ये मांजरांना पेटीत कोंडून ती बाहेर पडायला कशी शिकतात ते पाहिलं, आणि पुढे नियम मांडला की ज्याचं फळ गोड ती कृती पक्की होते, ज्याचं फळ कडू ती ढिली होते. पुढे १९३० च्या सुमारास माणसांवर प्रयोग करून त्याने स्वतःच आपला अर्धा नियम मागे घेतला. 'बरोबर' म्हटल्याने उत्तर जेवढं पक्कं होतं, तेवढी 'चूक' म्हटल्याने चूक पुसली जात नाही. स्किनरही आयुष्यभर शिक्षेच्या विरोधातच बोलत राहिला. शिक्षेने वागणं दबतं, नवं काही येत नाही. कायद्याने हे आता मानलं आहे. गोव्याच्या २००३ च्या बालक कायद्याने शाळेतली मारहाण बंद केली, २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने मारहाणीबरोबर मानसिक छळालाही मनाई केली. छडी गेली. टोमणा मात्र अजून कामावर रुजू आहे.

आता बक्षीस. १९७३ मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट या तिघांनी स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत तीन ते पाच वर्षांच्या एक्कावन्न मुलांवर केलेला प्रयोग बघा. ही सगळी मुलं रंगीत मार्करने चित्रं काढायला आपणहून धावणारी. काहींना सांगितलं, चित्र काढलंस तर सोनेरी तारा लावलेलं प्रशस्तिपत्र देऊ. काहींना न सांगता शेवटी तेच प्रशस्तिपत्र दिलं. काहींना काहीच नाही. आठवडा-दोन आठवड्यांनी वर्गात मार्कर पुन्हा ठेवले आणि कोण किती वेळ खेळतं ते लपून पाहिलं. ज्यांना बक्षीस कबूल केलं होतं ती मुलं बाकीच्यांच्या निम्माच वेळ चित्रं काढत बसली! त्यांच्या लेखी चित्र काढणं हे आता 'काम' झालं होतं. मजुरी नाही तर काम कशाला?

सगळीच बक्षिसं वाईट असा याचा अर्थ मी काढत नाही. अचानक मिळालेल्या बक्षिसाने त्या मुलांचं काही बिघडलं नव्हतं. ज्या गोष्टीची मुळात गोडीच नाही तिची सुरुवात करून द्यायला बक्षीस कामाला येतंही. संशोधकांमध्ये यावर वर्षानुवर्षं वाद झाले आहेत. पण जे पोर आपणहून गोष्टीची पुस्तकं वाचतंय त्याला दर पुस्तकामागे दहा रुपये लावणं म्हणजे चालत्या गाड्याला खीळ घालणं, एवढं मी नक्की म्हणेन.

आणि आता तर घराघरांत मोबाईलवर शिकवणारी ॲप्स आली आहेत. नाणी, तारे, सलग किती दिवस खेळलात त्याचा हिशेब. बक्षीस कधी पडेल याचा नेम नसला की हात सर्वांत चिवटपणे चालू राहतो, हे फर्स्टर आणि स्किनर यांनी १९५७ च्या ग्रंथात कबुतरांच्या नोंदींनिशी दाखवलं आहे. मांडवीतल्या कॅसिनोंमधली पैशांची यंत्रं याच तत्त्वावर चालतात. तेव्हा पोर मोबाईलवर तासभर 'शिकतंय' म्हणून हुरळून जाण्याआधी ते शब्द शिकतंय की नाणी मोजतंय, हे जरा शेजारी बसून पाहावं.

गंमत म्हणजे स्किनरला यंत्रातून हवं होतं ते वेगळंच. ११ नोव्हेंबर १९५३ ला तो पालक म्हणून आपल्या चौथीतल्या मुलीच्या गणिताच्या तासाला जाऊन बसला. काही मुलांची उदाहरणं कधीच सुटली होती आणि ती चुळबुळत होती. काहींना काहीच कळत नव्हतं. आणि आपलं उत्तर बरोबर की चूक, हे तिथल्या तिथे कोणालाच कळत नव्हतं. त्यावरून त्याने शिकवणारं यंत्र बनवलं. लहान लहान पायऱ्या, लगेच उत्तर, प्रत्येकाची आपली गती. त्या यंत्रांची लाट साठच्या दशकाच्या अखेरीस ओसरली. यंत्रं गेली, पण ती तीन तत्त्वं अजून खोटी ठरलेली नाहीत.

मला विचाराल तर ती तत्त्वं यंत्राशिवाय पाळली जातात अशी एक जागा गोव्यात आहे. चवथीची आरती. सात-आठ वर्षांचं पोर घुमट वाजवायला कसं शिकतं ते आठवून बघा. आधी हातात कांसाळं मिळतं. ते जमलं की कोपऱ्यातलं जुनं घुमट. मोठ्यांच्या मांडीला मांडी लावून बसायचं. ताल चुकला तर कोणी थांबवत नाही, वही काढत नाही. चूक त्याची त्यालाच लगेच ऐकू येते, आणि शामेळाच्या गजरात बाकीच्यांना ऐकूही येत नाही. एकाला पहिल्या वर्षी जमतं, दुसऱ्याला चौथ्या. वर माटोळी, आत नेवऱ्यांचा वास, घरभर पाहुणे. आणि शेवटी प्रसाद मिळतो तो सगळ्यांना, चांगलं वाजवलं त्यालाच नव्हे. सातचा पाढा न येणारी पोरं पंधरा-पंधरा आरत्या तोंडपाठ म्हणतात त्यामागे काही चमत्कार नाही. जोन्सबाईंचा खाऊ आणि स्किनरच्या तीन पायऱ्या आपल्या घरात आधीपासून होत्या. जुनं ते सगळं सोनं असं मात्र मला म्हणायचं नाही. त्याच घरांत, त्याच पडवीत पाढ्यांसाठी मारही खाल्ला जात होता.

मराठीत हे कोणी शाळेत आणलंच नाही असंही नाही. ताराबाई मोडकांनी भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर काम केलं, आणि मग बोर्डीला व कोसबाडला अनुताई वाघांना सोबत घेऊन आदिवासी मुलांसाठी शाळा उभ्या केल्या. मुलं शाळेत येत नाहीत ना, मग शाळाच त्यांच्या अंगणात नेली. गुरं राखायला जाणाऱ्या पोरांसाठी कुरणावर शाळा काढली. बक्षिसाचं आमिष नाही, शिक्षेचा धाक नाही. ससा लांब ठेवायचा, खाऊ जवळ ठेवायचा, हे त्यांनी आपल्या वाटेने शोधलं होतं.

तर सांगायचा मुद्दा एवढाच. शाळेच्या पालक सभेला गेलात की गुणांबद्दल विचारा, जरूर विचारा. पण त्याबरोबर हेही विचारा की, मूल चुकलं तेव्हा वर्गात काय होतं? हसतात का? उत्तर बरोबर की चूक ते त्याला कधी कळतं? न झेपणारं उदाहरण आलं तर मागची पायरी पुन्हा देतात की तेच दहा वेळा करायला लावतात? आणि घरी आपणही शिक्षा म्हणून मराठी लिहायला लावणं आजपासून बंद करू या. मराठी वाचायचं ते जेवल्यावर, पडवीत, कोणीतरी मोठ्याने वाचून दाखवत, हेल कसाही येवो. यासाठी ना अनुदान लागतं ना परिपत्रक.

बघा पटतंय का.